आडनांवांची शिरगणती

अहमदपुरांत ‘अहमदपूरकर’ आडनांवाचें घर शोधावयास निघालेल्या मनुष्याचे श्रम बहुधा फुकट जातील. तेंच घर लातुरास, नांदेडास, हैदराबादेस किंवा पुण्यास शोधावें. तेथें सांपडण्याचा संभव अधिक. कारण उघड आहे. ज्या गांवांत सर्वच त्या गांवचे, तेथें गांवाच्या नांवानें कोणा एकाची ओळख पटत नाहीं. ती पटूं लागते शीव ओलांडल्यावर. परगांवीं बिऱ्हाड केलेल्या मनुष्यास तेथील लोक ‘आपण कोठले?’ म्हणून विचारतात, आणि जें उत्तर मिळतें त्यासच ‘कर’ हा प्रत्यय जोडून त्याची हांक ठरवितात. दोन पिढ्यांत त्या हांकेचें आडनांव होतें. तिसऱ्या पिढीस तें गांव कोणत्या दिशेस आहे हेंही पुष्कळदां सांगतां येत नाहीं. अशा रीतीनें ‘कर’ हा प्रत्यय ज्या घराच्या नांवाला लागला, त्या घरानें केव्हां तरी आपलें गांव सोडलें, एवढी गोष्ट बहुधा गृहीत धरावयास हरकत नाहीं.

ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाच्या लक्षांत आली म्हणजे त्यास एक मोह पडतो. देशांतील सर्व आडनांवें मोजून काढलीं व कोणतें आडनांव कोणत्या जिल्ह्यांत किती घरांत आहे हें नकाशावर मांडलें, तर लोकांच्या स्थलांतराचा इतिहासच आपल्यापुढें उभा राहणार नाहीं काय? हा मोह अगदींच पोरकट आहे असें नाहीं. एका देशांत तो बराचसा फलद्रूपही झालेला आहे. तो देश आयर्लंड.

आयर्लंडच्या जन्ममृत्युनोंदणीचे एक अधिकारी रॉबर्ट मॅथेसन यांनीं १८९० सालच्या जन्मनोंदींवरून आयरिश आडनांवांचा एक वृत्तांत तयार केला. तो १८९४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांची रीत साधी होती. त्या एका वर्षीं कोणत्या आडनांवाचीं किती मुलें जन्मलीं तें मोजावयाचें, आणि एकंदर लोकसंख्येशीं जन्मसंख्येचें जें प्रमाण, त्यावरून त्या आडनांवाच्या मनुष्यांचा अदमास बांधावयाचा. मर्फी आडनांवाच्या १,३८६ नोंदी त्यांस आढळल्या व त्यांवरून देशांत मर्फी आडनांवाचीं सुमारें ६२,६०० माणसें असावींत असें त्यांनीं ठरविलें. सर्व आडनांवांत तें पहिलें आलें. प्रांतवार व परगणेवार वांटणीही त्यांनीं दिली आहे. सुलिव्हन हें आडनांव नैर्ऋत्येकडील कॉर्क व केरी या दोन परगण्यांत कसें दाटून राहिलेलें आहे, हें तींत पाहतांच डोळ्यांत भरतें.

आयर्लंडच्या खानेसुमारीची कथा मात्र निराळी आहे. १८२१ पासून १८५१ पर्यंतचीं घरोघरचीं पत्रकें डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्यांत होतीं; १९२२ सालच्या यादवी युद्धांत त्या इमारतीस आग लागली व त्यांतील बहुतेक भाग जळून गेला. १८६१ ते १८९१ या चार खानेसुमाऱ्यांचीं पत्रकें त्याआधींच सरकारनें स्वतः नाहींशीं केलेलीं होतीं. उरलीं तीं १९०१ व १९११ चीं. पण जीं उरलीं तीं समग्र उरलीं. कुटुंबप्रमुखानें भरलेल्या त्या कागदांवर प्रत्येक मनुष्याचें नांव, आडनांव, वय, धर्म, धंदा, जन्माचा परगणा व त्यास आयरिश भाषा येते कीं नाहीं, हें सर्व आहे, आणि आज कोणासही तें घरबसल्या पाहतां येतें. अमेरिकेंत वाढलेला आयरिश वंशाचा मनुष्य आपल्या पणज्याचें घर त्यांत शोधतो, व पुष्कळदां तें त्यास सांपडतें.

आतां आपल्याकडे वळूं. अहमदपूर आज लातूर जिल्ह्यांत मोडतें. परंतु लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजीं. त्यापूर्वीं हा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यांत होता, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वीं निजामाच्या राज्यांतील बिदर जिल्ह्यांत. निजामाच्या राज्याची पहिली खानेसुमारी १८८१ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानाबरोबरच झाली व पुढें दर दहा वर्षांनीं होत गेली. ती घेतांना प्रत्येक घरीं गणक जात असे व पत्रकाच्या एका रकान्यांत मनुष्याचें नांवही लिहीत असे. म्हणजे १८८१ सालीं अहमदपूरच्या पेठेंत कोण कोण राहत होतें, तें एकदां कागदावर उतरलें होतें ह्यांत शंका नाहीं. पण आंकड्यांचीं कोष्टकें तयार झालीं कीं नांवांचे कागद निरुपयोगी ठरत व ते नष्ट केले जात. उरले तीं कोष्टकें. त्यांत धर्म आहेत, जाती आहेत, भाषा आहेत, धंदे आहेत, आंधळे व बहिरे किती तेंही आहे. आडनांवाचें कोष्टक मात्र एकाही खानेसुमारींत नाहीं.

ह्याचें कारण सरकारच्या जिज्ञासेंत शोधलें पाहिजे. प्रजा कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची व कोणती भाषा बोलणारी, हें राज्यकर्त्यांस हवें होतें. योगायोग असा कीं हिंदुस्थानांतील भाषांची मोठी पाहणी करणारे जॉर्ज ग्रियर्सन हेही आयर्लंडांतच जन्मलेले. त्यांच्या पाहणीचा मराठीचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला, व त्यांत बोलीबोलींच्या बोलणारांचे आंकडे आहेत. ज्या देशांत मर्फी किती हें मोजलें गेलें, त्या देशाच्या पंडितानें आपल्या बोली मोजल्या. आपलीं आडनांवें मोजण्याचें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. शिवाय मोजावयाचें म्हटलें तरी तें सोपें नव्हतें. नांव, बापाचें नांव व आडनांव ही तीन पदरी रीत आज आपणांस सनातन वाटते. पण जुन्या कागदांत ‘अमका बिन तमका’ किंवा ‘अमका वलद तमका’ एवढ्यावरच पुष्कळांची ओळख भागत असे. वतनदाराच्या नांवापुढें पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे असा हुद्दा येई. ज्यास वतन नाहीं व ज्यानें गांवही सोडलें नाहीं, त्यास नित्याच्या व्यवहारांत आडनांवाचें कारण फारसें पडत नसे. तें पडलें शाळेच्या पटावर, कोर्टाच्या समन्सावर आणि पगाराच्या यादींत.

मराठवाड्याच्या या पूर्व कडेवर आडनांवांची घडण पाहण्यासारखी आहे, कारण मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू ह्या चारही भाषांचा येथें शेजार आहे. उदगीर-बिदरकडे बिरादार हें आडनांव गांवोगांव भेटतें. अहमदपूर-कंधारकडे केंद्रे व त्याच्या जोडीचीं आडनांवें आहेत. देगलूर, बिलोली, किनवट या बाजूस गेलें कीं ‘वार’ व ‘वाड’ हे दोन शेवट ऐकूं येऊं लागतात. हे दोन्ही तेलुगूंतून आलेले दिसतात. त्या भाषेंत ‘वारु’ हें आदरार्थी बहुवचन व ‘वाडु’ हें एकेरी रूप. पेढीवाल्या कोमट्याच्या घराण्यास ‘वार’ लागलें व कष्टकऱ्याच्या घराण्यास ‘वाड’ लागलें, असें जेथें जेथें दिसतें, तेथें त्या घराण्यांना लोक कसे हांक मारीत होते हेंही त्या दोन अक्षरांत टिकून राहिलें आहे. मराठी बोलणाऱ्या आजच्या पिढीस त्या फरकाची जाणीव नाहीं. आणि नाहीं हें एका परीनें बरेंच झालें.

ह्यांत लिपीचा घोटाळा आणखी मिसळतो. हैदराबाद संस्थानचा कारभार प्रथम फारसींत व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूंत चाले. त्या लिपीला ळ नाहीं व ण नाहीं, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत. तेव्हां काळे व काले हीं दोन आडनांवें कागदावर एकच होत, आणि चव्हाणाचा चव्हान होई. गांवच्या तलाठ्यास माणूस ठाऊक असल्यामुळें त्याचें अडत नसे. शंभर वर्षांनीं तो कागद वाचणाऱ्याचें मात्र अडतें. आयर्लंडांतही असेंच झालें. तेथील मूळ आयरिश नांवें इंग्रजी कारकुनांनीं कानांना ऐकूं येतील तशीं लिहिलीं. ‘ओ मुरखू’ असें कांहींसें उच्चारलें जाणारें नांव मर्फी झालें. पुष्कळांनीं नांवापुढील ‘ओ’ व ‘मॅक’ हे वंशवाचक शब्दही गाळले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वभाषेचा अभिमान जागा झाल्यावर कित्येकांनीं ते पुन्हा धारण केले. मॅथेसन यांस तर एकाच आडनांवाच्या नाना लेखनांची स्वतंत्र यादी करून छापावी लागली.

मर्फी व अहमदपूरकर यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे पुत्र. आयरिश आडनांव पूर्वजाचें नांव सांगतें, मराठी ‘कर’ गांवाचें. म्हणून आयर्लंडांत एखादें आडनांव जेथें दाट, तेथें त्याचें मूळ असावें असा तर्क करितां येतो. आपल्याकडे तो तर्क उलटा करावा लागतो. आडनांव जेथें दाट, तेथें तें घराणें येऊन स्थायिक झालें. मूळ गांवीं त्या आडनांवाचा मागमूसही नसावयाचा.

नांदेडचे विख्यात विचारवंत नरहर कुरुंदकर यांचेंच उदाहरण घ्या. कुरुंदा हें वसमत तालुक्यांतील गांव. कुरुंदकर जन्मले तें मात्र १९३२ सालीं, कुरुंद्यास नव्हे तर नांदापुरास. आणि त्यांचें आयुष्याचें कार्य झालें नांदेडास. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठांत मराठीचे प्राध्यापक होते. पाहा, नांदापुरास जन्मलेला भाचा कुरुंदकर, आणि हैदराबादेस नांवारूपास आलेला मामा नांदापूरकर. दोन्ही आडनांवें आपापल्या गांवाबाहेर गाजलीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचें कुलनाम सकपाळ. कोंकणांतील आंबडवे हें मूळ गांव, जन्म मध्य हिंदुस्थानांतील महू येथील लष्करी छावणींत १८९१ सालीं, आणि शाळेंत आडनांव लागलें तें गांवावरून, ज्याचें पुढें आंबेडकर झालें. पाहिलेंही नसेल अशा गांवाचें नांव मुलाच्या पाठीशीं येतें, तें असें.

गांवाचें नांव कळलें तरी गांव कळलें असें मात्र समजूं नये. अहमदपूर तालुक्यांत शिरूर ताजबंद आहे. त्याच लातूर जिल्ह्यांत शिरूर अनंतपाळ आहे. बीड जिल्ह्यांत शिरूर कासार आहे. आणि पुणे जिल्ह्यांतील घोडनदीकांठचें शिरूर तर प्रसिद्धच आहे. मग शिरूरकर म्हणजे कोठले? ह्या प्रश्नाचें आणखी एक विनोदी उत्तर मराठी वाङ्मयांत आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ सालीं प्रसिद्ध झाला तेव्हां विभावरी शिरूरकर ही कोण बाई, म्हणून साऱ्या महाराष्ट्रांत चौकशी चालली होती. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढील मालतीबाई बेडेकर. शिरूरकर हें आडनांव त्यांनीं पांघरूण म्हणून घेतलें होतें. उद्यां कोणीं पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून आडनांवांची गणती केली तर हें एक घर त्यांत फुकटचें वाढेल!

ह्या ठिकाणीं खानेसुमारी आपल्या उपयोगी पडते. तिनें आडनांवें मोजलीं नाहींत, पण गांवांच्या याद्या केल्या. एका नांवाचीं गांवें किती व कोठें कोठें, हें त्यांवरून कळतें, आणि आडनांवाच्या मुळाचा शोध तेवढ्या गांवांपुरता मर्यादित करितां येतो. दुसराही उपयोग आहे. निजामाच्या राज्याची लोकसंख्या १८९१ सालीं सुमारें १ कोटि १५ लक्ष होती. ती वाढण्याऐवजीं १९०१ सालीं १ कोटि ११ लक्षांवर आली, कारण मध्यंतरीं १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ होऊन गेला. १९११ सालीं ती १ कोटि ३३ लक्ष झाली, व १९२१ सालीं पुन्हा १ कोटि २४ लक्षांपर्यंत घसरली. मध्यें १९१८ ची इन्फ्ल्युएंझाची सांथ होती. ह्या आंकड्यांवरून माणसें केव्हां व किती कमी झालीं हें कळतें. कोणतीं घरें उठलीं व कोठें गेलीं हें कळत नाहीं. आडनांवावरून घर कोठून उठलें हें कळतें. केव्हां उठलें हें कळत नाहीं. दोन्ही साक्षी अपुऱ्या आहेत, पण एकमेकींस पूरक आहेत. त्या एकत्र वाचण्याचें काम मराठवाड्यापुरतें तरी अद्यापि व्हावयाचें आहे.

आडनांवाच्या साक्षींत एक मोठी उणीव आहे, ती सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. तें पुरुषांचेंच प्रस्थान नोंदतें. खानेसुमारीचीं स्थलांतराचीं कोष्टकें पाहिलीं तर आपल्या देशांत गांव बदलणारांत स्त्रियांचा भरणा अधिक, आणि त्यांचें सर्वांत मोठें कारण विवाह. दर पिढीस लक्षावधि मुली माहेरचें गांव सोडून सासरीं जातात. परंतु त्या प्रवासाचा एकही ‘कर’ झालेला नाहीं. घरांत ‘नांदेडच्या काकू’, ‘उदगीरच्या मामी’ एवढी ओळख राहते, आणि ती त्या पिढीबरोबर संपते. त्या काळच्या हिंदी खानेसुमाऱ्यांत तर स्त्रीचें नांव सांगण्यास घरच्यांस संकोच वाटल्यास त्या रकान्यांत केवळ ‘स्त्री’ असें लिहिण्याची मुभा होती. आपल्या पणजीचें माहेर कोणतें, हें कोणत्याही दप्तरांत न सांपडणारें ज्ञान आहे. सांगणारें माणूस घरांत आहे तोंवरच तें आहे.

ह्या साऱ्या चर्चेस आज एक निकडीचें प्रयोजन प्राप्त झालें आहे. २०११ सालीं सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणी झाली, तेव्हां लोकांस जात विचारण्यांत आली. १९३१ च्या खानेसुमारींत जातींची संख्या ४,१४७ भरली होती. २०११ च्या पाहणींत हातीं आलेलीं नांवें ४६ लक्षांहून अधिक निघालीं, असें केंद्र सरकारनें २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयांत सांगितलें. एकट्या महाराष्ट्रांत यादींतील ४९४ जातींच्या जागीं ४ लक्ष २८ हजारांवर नांवें आलीं. ऐंशीं वर्षांत जाती हजारपट वाढल्या असें कोणीही म्हणणार नाहीं. जातीच्या रकान्यांत कोणीं पोटजात सांगितली, कोणीं गोत्र, कोणीं आडनांव; आणि एकच नांव दहा गणकांनीं दहा तऱ्हांनीं लिहिलें. आडनांवें कोणीं मोजावयास गेलें नव्हतें, तीं अशीं आगंतुकपणें मोजलीं गेलीं, आणि त्यामुळें जातींची गणती मात्र कोलमडली.

मराठवाड्यांत हा प्रश्न ह्याहून जवळचा झाला आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठीं २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां निजामकालीन मोडी व उर्दू दप्तरें बाहेर काढण्यांत आलीं. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयांत हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्यांत आला. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्यास त्यांत जें दिसतें तें एवढेंच कीं, गॅझेटियर व खानेसुमारी ह्यांत जातवार आंकडे असतात, कुटुंबवार नांवें नसतात. अमुक जिल्ह्यांत अमुक जातीचे इतके हजार लोक होते हें वाचून, त्या हजारांत आपला पणजा होता कीं नाहीं हें कोणासही ठरवितां येत नाहीं. ज्या पत्रकांवर त्याचें नांव होतें तीं पत्रकें उरलीं नाहींत. म्हणून मग खासरा पत्रकें, कुळांच्या नोंदवह्या, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदी, जन्ममृत्यूचीं रजिस्टरें, असे गांवपातळीवरचे कागद धुंडाळावे लागले. सरकारनें माणसें मोजून नांवें टाकून दिलीं, त्याची किंमत नातवंडें मोजीत आहेत.

पुढील खानेसुमारी २०२७ सालीं करण्याचें ठरलें असून तींत जातीचा रकाना पुन्हा ठेवण्याचा निर्णय २०२५ सालीं जाहीर झाला. त्या वेळीं आडनांव म्हणजे जात नव्हे, एवढें तरी गणकानें व सांगणारानें ध्यानांत ठेवावें. ‘कर’ लावणारीं घरें सर्व जातींत आहेत. पाटील तर धर्माचीही शीव ओलांडून आहेत. १९४८ च्या कायद्यान्वयें त्या खानेसुमारीचे व्यक्तिगत कागद कोणास पाहतां येणार नाहींत, आणि मनुष्याच्या खासगी गोष्टी झांकून राहाव्या हें योग्यच आहे. तेव्हां आपल्या नातवांस आपण सांपडावें अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं सरकारच्या भरंवशावर राहूं नये.

करावयाचें तें फार थोडें आहे. मॅथेसन यांजवळ एका वर्षाची जन्मनोंदवही होती. आपल्या गांवोगांवच्या जुन्या शाळांत प्रवेश-निर्गम वह्या आहेत; त्यांत मुलाचें नांव, आडनांव, जन्मस्थान व पूर्वींची शाळा ओळीनें लिहिलेली आहे. एका तालुक्याच्या अशा वह्यांवरून, कोणाचेंही व्यक्तिगत नांव उघड न करितां, कोणत्या दशकांत कोणतें आडनांव प्रथम पटावर आलें याची यादी आमच्या महाविद्यालयांतील दहा विद्यार्थी एका उन्हाळ्यांत करूं शकतील. कागद ठिसूळ झालेले आहेत, वाळवी लागलेली आहे, आणि जुनी उर्दू व मोडी वाचणारे वृद्ध दरवर्षीं कमी होत आहेत. घरच्यासाठीं तर एक वहीही पुरे: आडनांव कोणत्या गांवचें, तें गांव कोणीं व कोणत्या सालीं सोडलें, आणि आई, आजी व पणजी यांचीं माहेरें कोणतीं. ह्यांतील शेवटचा प्रश्न आधीं विचारावा. त्याचें उत्तर देणारीं माणसें आधीं जातात.